सुपरचार्जर जोडणी, ट्रक एंजिनाची

कारखान्यातून साध्या स्वरूपात आलेल्या पेट्रोल एंजिनाला पट्ट्यावर चालणारा हवा-पंप बसवून सिलिंडरांत वातावरणाच्या दाबापेक्षा जास्त दाबाने हवा भरण्याचा फेरबदल. हा प्रकार मुख्यतः अमेरिकेतला. तिथे ट्रक म्हणजे बहुधा पिकअप. टर्बोचार्जर निकास वायूवर फिरतो, तर सुपरचार्जर क्रँकदंडाकडून शक्ती घेतो. त्यामुळे दाब चटकन मिळतो. मात्र कमावलेल्या शक्तीतला काही वाटा पंपच खातो.

पूर्वपीठिका : कॉनर्सव्हिल (इंडियाना) येथील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंनी १८६० मध्ये पेटंट घेतलेला दोन पाळ्यांचा पंप पुढे झोतभट्ट्यांना हवा पुरवू लागला. जनरल मोटर्सच्या ‘७१’ मालिकेतील दोन-धावी डीझेल एंजिनांवर (१९३८ पासून) त्याच जातीचा ब्लोअर असे. तिथे त्याचे काम जळका वायू बाहेर ढकलून ताजी हवा आत आणण्याचे, शक्ती वाढवण्याचे नव्हे. ट्रक-बसच्या भंगारातून निघालेला ‘६-७१’ ब्लोअर जुन्या गाड्या वेगवान करणाऱ्या हॉट रॉडवाल्यांनी मोटारींवर चढवला, आणि ट्रकचा हा भाग शर्यतीत नाव काढून गेला.

प्रकार : रूट्स, स्क्रू व अपकेंद्री. अपकेंद्री पंपाचा दाब एंजिनाच्या फेऱ्यांबरोबर चढत जातो. ओझे ओढणाऱ्या ट्रकला कमी फेऱ्यांवरच जोर लागतो, म्हणून पहिले दोन अधिक सोयीचे.

कार्य : दाब ठरतो पुलींच्या व्यासांवर. उदाहरणार्थ, ५.४ लिटरचे चार-धावी एंजिन मिनिटाला ५,००० फेऱ्यांवर आदर्श स्थितीत १३,५०० लिटर हवा ओढते. दर फेरीला ११२ घन इंच (सु. १.८ लिटर) हवा ढकलणारा पंप त्याच्या दुप्पट वेगाने फिरवला, तर गळती सोडून १८,००० लिटरांवर हवा येते. ही जादा हवा दाब बनते. पंपाची पुली लहान केली की दाब वाढतो. हे स्वस्त आणि तासाभराचे काम, आणि बहुतेक अनर्थांचे मूळही तेच.

हवा भरणे हा जोडणीचा सोपा भाग. दाबली गेलेली हवा तापते. तापलेल्या मिश्रणात ठिणगीच्या ज्वाळेआधीच उरलेले इंधन आपोआप पेट घेते व धातूवर घण मारल्यासारखा ठोका (नॉक) ऐकू येतो. तो चालू राहिला तर दट्ट्याची कड तुटते. म्हणून पंपाखाली पाण्याने थंड होणारा इंटरकूलर, मोठे इंजेक्टर, इंधनाचा वाढीव पुरवठा, थंड जातीचे ठिणगी प्लग, ठिणगीची वेळ मागे ओढणारा संगणकीय नकाशा आणि उच्च ऑक्टेन पेट्रोल, एवढा सरंजाम लागतो. नुसता पंप विकत घेणाऱ्याने निम्मेच काम विकत घेतलेले असते.

उदाहरणे : टोयोटाच्या टंड्रा पिकअपच्या ५.७ लिटर व्ही-८ एंजिनाची मूळ शक्ती ३८१ अश्वशक्ती व टॉर्क ४०१ फूट-पौंड. टोयोटाच्याच टीआरडी विभागाच्या संचाने ते आकडे ५०४ व ५५० वर नेले. या एंजिनाचे संपीडन गुणोत्तर १०.२ : १ इतके चढे असल्याने नॉक टाळण्यासाठी त्यावर मर्यादित दाबच ठेवावा लागतो.

उलट बाजूने पाहण्याजोगी फोर्डची एसव्हीटी लाइटनिंग (१९९९–२००४). तिच्यावर ईटनचा एम ११२ पंप व इंटरकूलर कारखान्यातच बसत. साध्या एफ-१५० मधील ५.४ लिटर एंजिनाचे ९.० : १ हे गुणोत्तर इथे ८.४ : १ वर उतरवले होते. दाब चौरस इंचाला सु. ८ पौंड, शक्ती आधी ३६० व २००१ पासून ३८० अश्वशक्ती. कारखाना स्वतः पंप लावतो तेव्हा तो दट्ट्यांपासून सुरुवात करतो. मागाहून जोडणाऱ्याला ती मुभा नसते. लहान पुली लावलेल्या लाइटनिंगमध्ये संयोगी दांडा तुटल्याचे सांगितले जाते. दोष दांड्याचा की नकाशाचा, याविषयी मतभेद आहेत.

गिअरपेटी : वाढलेला टॉर्क तिलाही पेलावा लागतो.

कायदा : कॅलिफोर्नियात रस्त्यावरील वाहनासाठी संचाला तेथील हवा संसाधन मंडळाचा सूट-आदेश क्रमांक असावा लागतो, एंजिनकक्षातील चिकटपट्टीवर तो छापलेला असतो व धूर-तपासणीत पाहिला जातो. भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीतील तपशिलापासून फारकत घेणारा फेरबदल करू देत नाही.