इन्फ्लेमेबल की फ्लेमेबल?

एकाच मुळापासून निघालेल्या इंग्रजी शब्दांच्या काही जोड्या विद्यार्थ्यांना हमखास गोंधळात टाकतात. हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकल या त्यांतल्या नेहमीच्या. तेथे चुकले तर एखादा गुण जातो, इतकेच. फ्लेमेबल आणि इन्फ्लेमेबल या जोडीचे तसे नाही. दोन्हींचा अर्थ एकच : चटकन पेट घेणारा. पण इंग्रजी उपसर्ग नुकतेच शिकलेला मुलगा 'करेक्ट'च्या उलट 'इन्करेक्ट', 'व्हिजिबल'च्या उलट 'इन्व्हिजिबल' या न्यायाने इन्फ्लेमेबल म्हणजे 'न पेटणारा' असा अर्थ लावतो. नियम त्याने बरोबर वापरलेला असतो, म्हणून त्याला शंकाही येत नाही.

या घोटाळ्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. लॅटिनमध्ये 'इन्' हे रूप दोन निरनिराळ्या उपसर्गांचे होते. एक नकाराचा, आपल्या 'अ' किंवा 'अन्'चा तो लांबचा भाऊ. दुसरा 'आत', 'वर' अशा अर्थाचा, क्रियेला जोर देणारा. 'इन्फ्लामारे' म्हणजे पेटवणे, या क्रियापदात दुसरा आहे. मराठीतही 'वि' हा उपसर्ग 'विशुद्ध', 'विख्यात' यांत अर्थ वाढवतो आणि 'विफल', 'विसंगत' यांत तो उलटा करतो. आपल्याला त्याचा त्रास होत नाही, कारण हे शब्द आपण नियमाने शिकलेलो नसून कानाने शिकलो आहोत.

इंग्रजीत इन्फ्लेमेबल हा शब्द सतराव्या शतकाच्या आरंभापासून आहे, आणि रसायनशास्त्रात त्याला मोठा मान होता. हेन्री कॅव्हेंडिश यांनी जस्त, लोखंड व कथील यांवर विरल आम्लांची क्रिया करून मिळणाऱ्या वायूचा अभ्यास 1766 साली प्रसिद्ध केला. हवेत मिसळून पेटवल्यावर मोठा आवाज करणाऱ्या या वायूला त्यांनी 'इन्फ्लेमेबल एअर' म्हटले. तोच आपला हायड्रोजन. हे नाव पुढे 1787 साली लव्हाझिए व त्यांच्या सहकाऱ्यांच्या नव्या परिभाषेत आले. कॅव्हेंडिश यांच्या वाचकांना लॅटिन येत असे. त्यांतला कोणी या वायूला न पेटणारा समजला असेल, असे आम्हाला वाटत नाही.

फ्लेमेबल हे रूप 1813 साली ल्युक्रेशियसच्या लॅटिन काव्याच्या इंग्रजी भाषांतरात आढळते. नंतर शंभरएक वर्षे त्याला फारसे कोणी विचारले नाही. दरम्यान पेट्रोल, सेल्युलोज नायट्रेटची चित्रफीत, नाना प्रकारची विद्रावके कारखान्यांत आणि घरांत आली. पिंपावरची सूचना वाचणारा आता लॅटिन जाणणारा पंडित नव्हता, तो हमाल होता, चालक होता. 1920 नंतरच्या दशकात अमेरिकेतील नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन या संस्थेने इन्फ्लेमेबल टाकून फ्लेमेबल वापरण्याचा आग्रह धरला. व्युत्पत्तीच्या दृष्टीने जुना शब्द निर्दोष होता. तरी जीव वाचवायचा तर तो बदलणेच शहाणपणाचे, ही त्यामागची भूमिका.

शब्दामुळे खरोखरच आग लागू शकते का? याचे उत्तर बेंजामिन ली व्होर्फ यांच्या लेखनात मिळते. ते भाषाशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असले तरी शिक्षणाने रासायनिक अभियंते होते आणि हार्टफर्ड येथील एका अग्निविमा कंपनीत नोकरी करीत. पेट्रोलच्या भरलेल्या पिंपांजवळ लोक जपून वागतात, पण 'रिकाम्या' पिंपांजवळ खुशाल विडी-सिगारेट ओढतात, असे त्यांनी नोंदवले. वास्तविक रिकाम्या पिंपात वाफ भरलेली असते आणि ती अधिक स्फोटक असते. दुसरे उदाहरण शिक्षकांनी वर्गात जरूर सांगावे. लाकडाच्या ऊर्ध्वपातनाच्या एका कारखान्यात भांड्यांवर 'स्पन लाइमस्टोन' नावाचे, चुनखडीपासून केलेले आवरण होते. नावात दगड, म्हणून ते आगीपासून जपावे असे कोणालाच वाटले नाही. पण अॅसेटिक आम्लाच्या वाफांनी चुनखडीचे कॅल्शियम अॅसेटेट झाले, उष्णतेने त्याचे विघटन होऊन अॅसिटोन तयार झाले, आणि 'दगड' पेटला. पाठ्यपुस्तकातली ही साधीच अभिक्रिया.

पुढे कायद्यांतही दोन रूपे शेजारी शेजारी नांदली. 1952 साली आपल्या संसदेने अशा पदार्थांविषयी कायदा केला, त्याच्या नावात 'इन्फ्लेमेबल' आहे. लगेच 1953 साली अमेरिकेत लवदार रेयॉनच्या स्वेटरांनी क्षणात पेट घेण्याच्या घटनांनंतर कापडांविषयी कायदा झाला, त्याच्या नावात 'फ्लेमेबल'. ब्रिटिश मानक संस्थेने 1959 साली नव्या रूपाची बाजू घेतली. धोकादायक मालाच्या वाहतुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी केलेल्या इंग्रजी वर्गीकरणातही फ्लेमेबलच आहे. फ्रेंचांनी मात्र 'इन्फ्लेमेबल' सोडलेला नाही. न पेटणाऱ्या वस्तूला ते आणखी एक 'इन्' जोडून 'इनिन्फ्लेमेबल' म्हणतात!

तेव्हा विद्यार्थ्याने स्वतः लिहिताना फ्लेमेबल लिहावे आणि नकारासाठी नॉन-फ्लेमेबल, असे आमचे मत आहे. वाचताना मात्र दोन्ही ओळखता आलेच पाहिजेत, कारण जुन्या बाटल्यांवर, टँकरांवर आणि पुस्तकांत इन्फ्लेमेबल भेटतच राहणार. मराठीत 'ज्वलनशील' आणि 'ज्वालाग्राही' हे दोन शब्द आपण सरसकट एकमेकांच्या जागी वापरतो. कोळसा ज्वलनशील, तर पेट्रोल ज्वालाग्राही, असा भेद वर्गात पाळला तर इंग्रजीतील कम्बस्टिबल आणि फ्लेमेबल यांतील फरक समजावणे सोपे जाईल.

हा बदल पदार्थांपुरताच राहिला. सांध्याला सूज येऊन आग होते ते इन्फ्लेमेशन, जमावाला भडकावणारे भाषण ते इन्फ्लेमेटरी. तेथले 'इन्' कोणी काढले नाही.