नाताळच्या गोठ्याचा पूर्वेतिहास

महोत्सवाच्या प्रसंगीं देवळाच्या भिंती कोणीं बांधिल्या, घंटा कोणीं अर्पण केली, वेदी कोणत्या सालीं उभी राहिली, याचें स्मरण आपण कृतज्ञतेनें करितों, व तें योग्यच आहे. परंतु प्रत्येक धर्मग्रामांत आणखी एक वास्तु असते. ती दरवर्षीं उभी राहते व दरवर्षीं मोडिली जाते. तिच्या बांधणारांचीं नांवें कोणत्याहि शिळेवर कोरलेलीं नसतात. ही वास्तु म्हणजे नाताळचा गोठा. गवत, माती, बांबूच्या कामट्या व पतंगी कागद यांनीं उभारल्या जाणाऱ्या या गोठ्याचा इतिहास आठशें वर्षांचा आहे. तो जितका कलेचा तितकाच परोपकाराचाहि आहे, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु होय.

इटली देशांत रिएतीच्या खोऱ्यांत ग्रेच्चो नांवाचें एक डोंगरी खेडें आहे. सन १२२३ च्या नाताळापूर्वीं सुमारें पंधरा दिवस संत फ्रान्सिस असिसीकर यांनीं तेथील योहान नामक एका कुलीन गृहस्थास बोलावून आपली इच्छा कळविली. बेथलेहेमांत जन्मलेल्या बाळास किती उणीव सोसावी लागली, तें गव्हाणींत गवतावर कसें निजलें, व बैल आणि गाढव जवळ कसे उभे होते, हें आपणांस या चर्मचक्षूंनीं पाहावयाचें आहे, असा त्या इच्छेचा आशय होता. त्याप्रमाणें त्या सद्गृहस्थानें गव्हाण व गवत आणविलें, बैल व गाढव आणून बांधिले. नाताळच्या रात्रीं पंचक्रोशींतील स्त्रीपुरुष आपापल्या ऐपतीप्रमाणें तयार केलेल्या मेणबत्त्या व मशाली घेऊन आले आणि सारें रान उजळून निघालें. गव्हाणीपाशीं पवित्र मिस्सा झाली, व डीकनपदाचीं वस्त्रें ल्यालेल्या फ्रान्सिसांनीं शुभवर्तमान गाऊन उपदेश केला.

हा वृत्तांत थॉमस चेलानो या त्यांच्या संघबंधूनें नववे ग्रेगोरी या पोपमहाशयांच्या आज्ञेनें लिहिलेल्या चरित्रांत आहे. त्यांत मरियामातेच्या वा संत योसेफाच्या मूर्तींचा उल्लेख नाहीं, सोन्यारुप्याचा तर नाहींच. सारें सामान शेतकऱ्याच्या घरीं सांपडणारें होतें. सण आटोपल्यावर तें गवत जपून ठेविलें गेलें. आजारी गुरांस तें चारिलें असतां तीं बरीं झालीं, व अडलेल्या बाळंतिणींचीहि त्यानें सुटका झाली, असें चेलानो सांगतो. पुढें लिहिलेल्या दुसऱ्या चरित्रांत त्यानें संतांची आणखी एक इच्छा नोंदिली आहे. नाताळच्या दिवशीं श्रीमंतांनीं भुकेल्या गरिबांस पोटभर जेवूं घालावें, बैलांस व गाढवांस नेहमींहून अधिक चारा मिळावा, आणि बादशहाची भेट झाल्यास, चंडोलादि पाखरांसाठीं रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम काढावा अशी त्यांस विनंति करावी, असें फ्रान्सिसांच्या मनांत होतें. गोठा आणि दया यांची गांठ अशी मुळांतच पडलेली आहे.

कालांतरानें हा गोठा दगडांत, लांकडांत व मातींत उतरला. रोम येथील सांता मारिया माज्जोरे या महामंदिरासाठीं तेराव्या शतकाच्या अखेरीस आर्नोल्फो दि कांबियो या शिल्पकारानें पाषाणमूर्ति घडविल्या. अठराव्या शतकांत नेपल्स शहरीं ही कला शिखरास पोंचली. तारेच्या सांगाड्यावर तागासारखे तंतु गुंडाळून, भाजल्या मातीचीं मस्तकें व लांकडी हातपाय बसवून, वर उंची वस्त्रें नेसविलेल्या मूर्तींनीं राजवाडे सजूं लागले. परंतु त्याच नगरांत ग्रेगोरियो मारिया रोक्को (१७००–१७८२) नांवाचे डॉमिनिकन धर्मगुरु गल्लीबोळांतील गोरगरिबांमध्यें वावरत होते. राजाच्या घरीं गोठा आहे, तसा गरिबाच्या घरींहि असावा, असा त्यांचा आग्रह असे. काळोख्या रस्त्यांवर पवित्र चित्रें लावून भक्तांनीं त्यांपुढें दिवे तेवत ठेवावे, ही योजना त्यांचीच. त्या दिव्यांच्या उजेडांत रात्रीच्या वाटसरूंस निर्भयपणें चालतां येऊं लागलें. राजा चार्ल्स यांनीं १७५१ सालीं दरिद्री लोकांसाठीं जें प्रचंड आश्रयगृह बांधावयास घेतलें, त्यामागेंहि याच धर्मगुरूंची प्रेरणा होती.

फ्रान्सच्या राज्यक्रांतींत देवळें बंद झालीं, तेव्हां प्रोव्हान्स प्रांतांतील लोकांनीं घरांतच गोठे मांडून श्रद्धा जागती ठेविली. मार्सेय येथील झां-लुई लान्येल (१७६४–१८२२) या कारागिरानें साच्यांतून मातीच्या चिमुकल्या मूर्ति काढून त्या गरिबांस परवडतील अशा केल्या. १८०३ सालीं तेथें या मूर्तींचा बाजार भरूं लागला. त्यांत दळणारा पिठाचें पोतें घेऊन निघालेला दिसतो, कोळीण मासळीची टोपली घेऊन येते, आणि आंधळा म्हातारा मुलाच्या आधारानें चालतो. ज्याच्याजवळ जें असेल तें घेऊन त्यानें बाळापुढें यावें, हा धडा मातीनें शिकविला.

पोलंडांतील क्राकोव् शहराच्या आसपासचे गवंडी हिवाळ्यांत काम बंद पडलें, म्हणजे पुठ्ठा, लांकूड व रंगीत चकचकीत कागद यांचे मनोरेदार गोठे करीत व घरोघरीं नेऊन चार पैसे मिळवीत. १९३७ सालीं तेथें या गोठ्यांची स्पर्धा सुरू झाली; महायुद्धांत ती खंडित झाली व १९४५ सालीं पुन्हां भरली. २०१८ सालीं युनेस्कोनें या परंपरेस मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें.

आपल्याकडे वसई, मुंबई व गोमंतक येथील गांवोगांवीं गोठ्याची तयारी नाताळाच्या पुष्कळ आधीं सुरू होते. मुलें पसरट भांड्यांत वा डब्यांत नाचणी किंवा भात पेरितात, तें उगवलें म्हणजे बेथलेहेमचें हिरवें शेत होतें. कापणीनंतरचा पेंढा छपरास लागतो. कामट्यांवर कागद चिकटवून तारा होतो. या कामांत खळ शिजविणारी आजी, दोरी वळणारे आजोबा व चिखलांत हात बुडविणारें पोर हीं सारखींच उपयोगी ठरतात. रोजच्या व्यवहारांत अबोला धरलेले दोन शेजारी एका कामटीचीं दोन टोंकें धरावयास उभे राहिले, म्हणजे त्यांस एकमेकांशीं बोलावेंच लागतें.

हल्लीं तयार गोठा विकत मिळतो. तो सुबक असतो, पण तो आणावयास एक माणूस पुरतो, व तो मांडावयास अर्धा तास पुरतो. ज्या पंधरा दिवसांत वाडी एकत्र येई ते दिवस मात्र त्याजबरोबर मिळत नाहींत. स्पर्धा वाईट नव्हे. क्राकोव् शहरीं तिनेंच ही कला टिकविली. परंतु बक्षिसासाठीं एका वाडीनें दुसरीचा हेवा करावा, आणि गोठ्याच्या शेजारच्या घरांतील आजाऱ्याची कोणीं विचारपूस करूं नये, असें झालें तर ग्रेच्चोच्या गव्हाणीशीं त्याचें नातें उरत नाहीं.

पोप फ्रान्सिस यांनीं १ डिसेंबर २०१९ रोजीं ग्रेच्चो येथेंच सही केलेल्या पत्रांत गोठ्याची ही प्रथा घरीं, शाळांत, इस्पितळांत व तुरुंगांतहि चालू ठेवण्यास उत्तेजन दिलें. तेव्हां बंधुभगिनींनो, या महोत्सवी वर्षीं आपल्या वाडींतील गोठा सर्वांच्या हातचा होऊं द्या. एकाकी राहणाऱ्या म्हातारीस मातीचें एक मेंढरूं करावयास सांगा. परधर्मी शेजाऱ्यास पाहुणा म्हणून नव्हे, तर मदतनीस म्हणून बोलवा. गोठ्यासाठीं वर्गणी जमवाल, तींतून एखाद्या गरिबाच्या घरीं शिधा पोंचवा. आणि सण संपून गोठा मोडिला, म्हणजे तें हिरवें शेत व तो पेंढा उकिरड्यावर न टाकतां कोणाच्या तरी गुरांपुढें घाला. संत फ्रान्सिसांस तें खचित आवडेल.