रात्री घराबाहेर दिसलात? सात वर्षं काळं पाणी!

काळं पाणी म्हटलं की आपल्याला अंदमान आठवतं. पण अंदमानची कैद्यांची वसाहत १८५८ची. त्याच्या सत्तर वर्षं आधीपासून ब्रिटिश सरकार कैद्यांना जहाजात भरून ऑस्ट्रेलियाला पाठवत होतं. आजची गोष्ट त्यातल्या आयरिश शेतकऱ्यांची.

आयर्लंडमधली बहुतेक जमीन प्रोटेस्टंट जमीनदारांच्या नावावर, आणि कसणारी कुळं बहुतेक कॅथलिक. जमीनदाराला खंड द्यायचा, वर प्रोटेस्टंट चर्चला दशांश कर. म्हणजे ज्या चर्चमध्ये आपण पाऊलही टाकत नाही, त्याचाच खर्च उचलायचा! त्यात गायरानांना कुंपणं पडायला लागली. मग १७६१च्या सुमारास टिपरेरी भागात लोक अंगात पांढरे सदरे चढवून रात्री निघाले आणि कुंपणं पाडू लागले. म्हणून त्यांचं नाव पडलं ‘व्हाइटबॉइज’. हे काही संत नव्हते हं. हाकललेल्या कुळाची जमीन दुसऱ्या कुणी घेतली, तर त्या गरिबालाही मारहाण व्हायची, कधी खूनही.

१८२१मध्ये पुन्हा भडका उडाला. ‘कॅप्टन रॉक’ या टोपणनावाने धमकीची पत्रं जाऊ लागली. सरकारने १८२२मध्ये कडक कायदा आणला: अशांत घोषित केलेल्या भागात सूर्यास्तानंतर विनाकारण घराबाहेर सापडलात, तर ज्यूरीशिवाय खटला आणि सात वर्षं हद्दपारी. कुंपण पाडल्याचा पुरावा लागतच नव्हता. बाहेर असणं हाच गुन्हा!

मग काही महिन्यांचा समुद्रप्रवास. सिडनीत उतरलं की बऱ्याच जणांची रवानगी एखाद्या जमीनमालकाकडे, बिनपगारी मजूर म्हणून. शिक्षा संपली तरी परतीचं भाडं ज्याचं त्याने भरायचं. त्यामुळे बहुतेकांसाठी सात वर्षं म्हणजे जन्मठेपच.

काहींचं नशीब मात्र फिरलं. टिपरेरीचा नेड रायन अशाच शेतकरी बंडाळीत पकडला गेला आणि १८१६मध्ये चौदा वर्षांसाठी हद्दपार झाला. पुढे त्याने न्यू साउथ वेल्समध्ये गॅलाँग इथे हजारो एकरांवर गुरं-मेंढरं पाळली. पण ती जमीन रिकामी नव्हती. तिथे विराजुरी लोक पिढ्यान् पिढ्या राहत होते, आणि त्यांना कुणी विचारलंच नाही.

देशातून हाकललेला माणूस दुसऱ्याच्या जमिनीवर जाऊन मालक झाला. नेड रायनला बळी म्हणायचं की बळकावणारा? मला वाटतं, तो दोन्ही होता. तुम्हाला काय वाटतं, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!