दूरशक्तीवर चालणारे बिनतारी विकृती-संवेदक

एखाद्या वस्तूला पडलेला ताण किंवा तिच्या भागांचे सरकणे मोजणारे, पण स्वतःजवळ बॅटरी नसलेले आणि तारेनेही कुठे न जोडलेले उपकरण. त्याला लागणारी ऊर्जा बाहेरून, चुंबकीय क्षेत्राच्या किंवा रेडिओलहरींच्या रूपाने, मोजणीच्या वेळेपुरती पुरवली जाते आणि मोजलेला आकडा त्याच वाटेने परत येतो. टोलनाक्यावर गाडीच्या काचेवरचा फास्टॅग याच घराण्यातला. त्याच्यातही बॅटरी नसते. वरच्या वाचकयंत्राने सोडलेल्या ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या लहरींतून तो क्षणापुरती ऊर्जा उचलतो आणि आपला क्रमांक सांगतो. विकृती-संवेदकाचे काम याहून अवघड आहे. त्याचे उत्तर ठरलेले नसते, ते प्रत्येक वेळी मोजावे लागते.

विकृती म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला लांबीतला बदल. अभियंते ती मायक्रोस्ट्रेनमध्ये सांगतात: एक मीटर लांबीची सळई एक मायक्रॉनने लांबली, तर एक मायक्रोस्ट्रेन. साधे बांधकामाचे पोलाद साधारण १,२५० मायक्रोस्ट्रेनपर्यंत ताणले तरी सोडल्यावर पूर्ववत होते. त्यापुढे ते कायमचे लांबते. म्हणजे मीटरभर सळईच्या बाबतीत सुरक्षित आणि धोक्याचे यांच्यातले सगळे अंतर सव्वा मिलिमीटरात मावते.

तार ताणली की तिचा विद्युतरोध बदलतो, हे विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५६ मध्ये दाखवले होते. त्याचे रोजच्या वापरातले साधन व्हायला ८२ वर्षे गेली. १९३८ मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियात एडवर्ड सिमन्स आणि मॅसॅच्युसेट्समध्ये आर्थर रूज यांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे बारीक तार वस्तूला चिकटवून तिची विकृती मोजली, आणि स्ट्रेन गेज जन्माला आला. आजचा गेज तारेऐवजी पातळ धातूपत्र्याचा असतो, पण तत्त्व तेच. ३५० ओहमच्या गेजमध्ये १,००० मायक्रोस्ट्रेनला जेमतेम ०.७ ओहमचा फरक पडतो. तो टिपायला व्हीटस्टन सेतू नावाचे सर्किट लागते, विवर्धक लागतो आणि अर्थात वीज लागते.

तार आणि बॅटरी या दोघांनीही मोजणाऱ्यांना छळले आहे. फिरत्या दांड्यावर चिकटवलेल्या गेजची तार पहिल्याच फेऱ्यात गुंडाळली जाते. पुलाच्या तुळयांवरून शेकडो मीटर केबल ओढायची, तर संवेदकापेक्षा केबल आणि मजुरी महाग पडते. बॅटरीचे आयुष्य काही वर्षांचे, पुलाचे शंभर वर्षांचे. काँक्रीटच्या पोटात गाडलेली बॅटरी बदलायला कोणी जात नाही. शरीराच्या आत तर दोन्ही नकोत.

बाहेरून ऊर्जा देऊन हालचाल वाचण्याचे सर्वांत गाजलेले जुने उदाहरण अभियांत्रिकीतले नाही, हेरगिरीतले आहे. १९४५ मध्ये सोव्हिएत शाळकरी मुलांच्या वतीने मॉस्कोतले अमेरिकी राजदूत अॅव्हरेल हॅरिमन यांना अमेरिकेच्या राजमुद्रेचे लाकडी कोरीवकाम भेट मिळाले. ते राजदूतांच्या निवासस्थानी भिंतीवर लागले. आत लेव्ह थेरेमिन यांनी रचलेली एक धातूची पोकळी, एक अँटेना आणि एक पातळ पडदा होता. बॅटरी नाही, तार नाही. बाहेरून रेडिओलहरींचा झोत सोडला की खोलीतल्या बोलण्याने पडदा हले, पोकळीची धारिता बदले आणि परावर्तित लहरीवर संभाषण उमटून बाहेर पडे. झोत बंद असताना वस्तू निर्जीव, म्हणून झडतीत काही सापडत नसे. १९५२ पर्यंत ती तिथेच होती. पडद्याचे सरकणे दुरून वाचणारे हे यंत्र म्हणजे काटेकोर अर्थाने दूरशक्तीवर चालणारा विस्थापन-संवेदकच. १९४८ मध्ये हॅरी स्टॉकमन यांनी परावर्तित शक्तीने संदेशवहन करण्यावर निबंध प्रसिद्ध केला, तेव्हा हे कोरीवकाम भिंतीवरच होते.

या क्षेत्रातली खरी अडचण मोजण्याची नाही, वीजपुरवठ्याची आहे. ३५० ओहमच्या सेतूला ३ व्होल्ट दिले, तर तो सुमारे २६ मिलीवॅट खातो. काही मीटरांवरच्या वाचकयंत्राकडून बॅटरीविरहित चिपच्या हाती पडते ती शक्ती मायक्रोवॅटच्या मापाची. म्हणजे गरज आणि पुरवठा यांच्यात सुमारे हजारपटींची दरी. रेडिओलहरींची शक्ती अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. जवळच्या चुंबकीय क्षेत्राची घट तर त्याहून कितीतरी तीव्र. ही दरी बुजवायच्या दोन तऱ्हा आहेत. एक काटकसरीची: हजारो ओहमचा गेज वापरायचा, त्याला सतत नव्हे तर क्षणभरच वीज द्यायची, किंवा अंतर इतके कमी करायचे की मिलीवॅट सहज पोचतील. दुसरी तऱ्हा जास्त धाडसी, आणि तिच्याकडे आपण नंतर येऊ.

जवळून वीज देण्याच्या मार्गाने सर्वांत भरीव फळ दिले ते बर्लिनमध्ये. कृत्रिम खुब्यावर चालताना नेमका किती भार येतो, हे शल्यविशारदांना बराच काळ गणितानेच ताडावे लागे. स्वीडनच्या नील्स रायडेल यांनी १९६० च्या दशकात स्ट्रेन गेज बसवलेले खुबे रुग्णांना बसवले, पण त्यांच्या तारा कातडीतून बाहेर काढाव्या लागल्या. अशी मोजणी फार दिवस चालू ठेवता येत नाही. गेऑर्ग बर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेज आणि मोजणीचे सर्किट कृत्रिम खुब्याच्या पोकळीत कायमचे बंद केले. मोजायचे असेल तेव्हा मांडीभोवती तारेचे वेटोळे गुंडाळायचे, त्याच्या बदलत्या चुंबकीय क्षेत्राने आतले सर्किट जागे होई आणि भाराचे आकडे रेडिओने बाहेर येत. वेटोळे काढले की रुग्ण आपल्या घरी.

आकडे बोलके निघाले. ताशी सुमारे चार किलोमीटरच्या चालीत खुब्यावर सरासरी शरीरवजनाच्या २३८ टक्के भार येतो आणि जिना उतरताना २६० टक्के. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजणीत एका रुग्णाचा चुकून तोल गेला, तेव्हा भार वजनाच्या ८७० टक्क्यांपर्यंत चढला होता. साठ किलोच्या माणसाच्या बाबतीत हा भार पाचशे किलोंहून अधिक होतो. प्रयोगशाळेत अडखळायला सांगून हा आकडा मिळत नाही. शरीराला ठाऊक असते की पडायचे नाही. बसवलेला संवेदक योगायोगाने चालू होता म्हणूनच तो सापडला. या गटाची मोजमापे ‘ऑर्थोलोड’ नावाच्या खुल्या संग्रहात ठेवलेली आहेत आणि कृत्रिम सांध्यांच्या चाचण्या ठरवताना वापरली जातात. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत असाच गेज बसवलेला गुडघा एका रुग्णाला बसवला गेला. त्यालाही पायाभोवतीच्या वेटोळ्यातून वीज मिळे.

स्वित्झर्लंडमधल्या सेन्सिमेड कंपनीची ‘ट्रिगरफिश’ ही काचबिंदूच्या तपासणीची लेन्स याच तत्त्वावर चालते. मऊ लेन्समध्ये गोलाकार स्ट्रेन गेज आणि चिप असते. डोळ्यातला दाब बदलला की बुबुळाची वक्रता किंचित बदलते आणि गेज ती टिपतो. डोळ्याभोवती चिकटवलेली अँटेना वीज देते व आकडे घेते. २४ तास, दर पाच मिनिटांनी अर्धा मिनिट मोजणी चालते, झोपेतही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने तिला २०१६ मध्ये मान्यता दिली. मात्र ती दाब प्रत्यक्ष मोजत नाही, त्याचा चढउतार दाखवते. वापरणाऱ्याने हा फरक विसरू नये.

आता दुसरी, धाडसी तऱ्हा. तिच्यात गेज, सेतू, चिप असे काहीच वेगळे ठेवत नाहीत. रेडिओचा भागच ताण सोसतो. बासरी लांब झाली की सूर खाली उतरतो, तसे अँटेनेचा पत्रा ताणला की तिची अनुनादी वारंवारता घटते. ९०० मेगाहर्ट्झची पट्टी-अँटेना पोलादाला चिकटवली आणि पोलाद १,००० मायक्रोस्ट्रेन ताणले गेले, तर वारंवारता साधारण ०.९ मेगाहर्ट्झने उतरते. जॉर्जिया टेकमध्ये यांग वांग व मानोस टेन्झेरिस यांच्या गटाने, तर टेक्सास विद्यापीठाच्या आर्लिंग्टन केंद्रात हाइयिंग ह्वांग यांनी अशा अँटेना प्रत्यक्ष ताणून पाहिल्या. तुर्कस्तानच्या बिल्केंत विद्यापीठातल्या हिल्मी वोल्कान देमिर आणि सहकाऱ्यांची रचना सरकण्यासाठी आहे: धातूच्या पट्ट्यांच्या दोन कंगव्यासारख्या जोड्या सळईवर दोन ठिकाणी बसवतात, त्या जवळ-दूर झाल्या की अनुनाद सरकतो, आणि बाहेरच्या अँटेनेला तो काँक्रीटच्या आरपारही वाचता येतो.

याच दुसऱ्या तऱ्हेतला आणखी एक प्रकार स्फटिकाचा. क्वार्ट्झच्या तुकड्यावर अँटेनेला जोडलेल्या धातूच्या बोटांची जाळी असते. रेडिओलहर आली की स्फटिकाच्या पृष्ठभागावर ध्वनिलहर धावते, परावर्तित होते आणि पुन्हा रेडिओलहर बनून निघते. ही जाळी रिचर्ड व्हाइट आणि फ्रेड व्होल्टमर यांनी १९६५ मध्ये बर्कलीत मांडली. ध्वनिलहर सेकंदाला सुमारे ३,१५८ मीटर जाते, त्यामुळे तीन मिलिमीटर ओलांडायला तिला जवळपास एक मायक्रोसेकंद लागतो. तेवढ्या वेळात आजूबाजूच्या भिंती-खांबांवरून आलेले रेडिओचे प्रतिध्वनी विरून जातात आणि उशिरा आलेले उत्तर स्वच्छ ओळखू येते. विलंब हाच इथे गुण ठरतो.

पुलांसाठी एक वेगळी कल्पना न्यू मेक्सिकोत आजमावली गेली. लॉस अलामोस प्रयोगशाळा आणि सॅन दिएगो इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी वाहतूक बंद झालेल्या अलामोसा कॅन्यन पुलावर संवेदक लावले आणि दूरनियंत्रित हेलिकॉप्टर त्यांच्याजवळ नेले. हेलिकॉप्टरने सूक्ष्मलहरींनी संवेदकाचा कपॅसिटर भरायचा, त्याने मोजायचे आणि आकडा हेलिकॉप्टरलाच द्यायचा. अशा क्वचित भेटीच्या पद्धतीला शोभतो तो कमाल विस्थापनाची नोंद यांत्रिकपणे धरून ठेवणारा संवेदक. भूकंप होऊन गेला, तरी सांधा किती सरकला होता हे आठवड्याने विचारले तरी कळते.

मर्यादा मात्र हट्टी आहेत. पोलाद दर अंश सेल्सियसला १२ मायक्रोस्ट्रेन लांबते; दुपार आणि पहाट यांत दहा अंशांचा फरक असला तर १२० मायक्रोस्ट्रेन, आणि ट्रक गेल्यावर तुळईत उमटणारी विकृती बऱ्याचदा याहून कमी. अँटेनेखालच्या थराचे विद्युतगुणही तापमानाने बदलतात, म्हणून ताण आणि ऊन वेगळे काढायला शेजारी न ताणलेला जोडीदार संवेदक ठेवतात. उभ्या पुलावर चिकटवलेला कोणताही गेज शून्यापासून मोजतो. पुलाने स्वतःच्या वजनाने आधीच सोसलेले त्याला दिसत नाही. शिवाय तो जिथे चिकटवला तिथलेच सांगतो. १ ऑगस्ट २००७ रोजी अमेरिकेतल्या मिनियापोलिसचा एक पूल कोसळून १३ जण गेले. त्याचे कारण काही सांध्यांवरच्या पत्र्यांची जाडी मुळातच अपुरी असणे, हे पुढे चौकशीत निघाले. त्या जागी २००८ मध्ये उभ्या राहिलेल्या नव्या पुलात ३०० हून अधिक संवेदक आहेत. काँक्रीट ओतायच्या आधीच केबल टाकता येत असेल, तर दूरशक्तीचा खटाटोप करण्याचे कारण उरत नाही.

कारखान्यांत हे तंत्र सर्वांत रुळले आहे ते फिरत्या दांड्यांवर. जहाजाच्या पंख्याचा दांडा किंवा चाचणीमंचावरच्या इंजिनाचा दांडा किती पिळला जातो हे मोजताना गेजला स्थिर वेटोळ्याकडून हवेतून वीज मिळते, अंतर काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर. पुलांच्या अँटेना मात्र अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि प्रायोगिक जागांवरच आहेत.