चाल : नऊ इंची खिळे

‘हे मूळ कुणाचं?’ हा प्रश्न ज्या घरात एकदा शिरला, त्या घराच्या वाटण्या झाल्याशिवाय राहत नाहीत. जमिनीच्या भांडणात निदान सात-बाराचा उतारा काढता येतो, पितळेच्या पातेल्यावर आजीचं नाव कोरलेलं सापडतं. गाण्याच्या बाबतीत ती सोय नाही. सूर सात, कोमल-तीव्र धरून बारा, आणि गाणारे लाखो. म्हणजे एकेका सुरावर हक्क सांगणारे भाऊबंद किती, याचा हिशेब तलाठ्यानंसुद्धा करायला घेऊ नये.

आपल्या संगीत नाटकवाल्यांनी यावर एक झकास तोड काढली होती. नाटकाचं जुनं छापील पुस्तक उघडावं, तर पदाच्या डोक्यावर बारीक टायपात ‘चाल :’ असं छापलेलं आणि पुढे मूळ गाण्याचं नाव. कधी कानडी पद, कधी लावणी, कधी कुठली ठुमरी. १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ पुण्यात रंगभूमीवर आलं, त्यानंतर कितीतरी वर्षं आपल्या आजोबांच्या पिढीनं या उसन्या चालींवर रात्रीच्या रात्री जागवल्या. ‘ही चाल तुमची नाही’ असं म्हणायची कुणाची टाप नव्हती, कारण ते आधीच छापून मोकळे झालेले! उधारी दाराबाहेर लिहून ठेवली, की वाण्याचा धाक उरत नाही.

हे सगळं मला आठवलं ते गेल्या उन्हाळ्यात, अमेरिकेत, क्लीव्हलंड नावाच्या गावात. एरी सरोवराच्या काठचं हे पोलादाचं गाव. इथली कायाहोगा नदी १९६९ साली पेटली होती. हो, नदीच पेटली! पाण्यावर तेलाचा आणि कचऱ्याचा एवढा तवंग, की आग लागली आणि बंब बोलवावा लागला. अशा गावात माझा भाचा संगणकाची नोकरी करतो, आणि उरलेल्या वेळात ‘नाईन इंच नेल्स’ची भक्ती करतो.

नाईन इंच नेल्स म्हणजे नऊ इंची खिळे. ‘ललितकलादर्श’, ‘गंधर्व’ असली नावं ऐकत वाढलेल्या माणसाला हे नाव ऐकून आधी धनुर्वाताचं इंजेक्शन आठवतं. ही रॉक संगीताची मंडळी. मंडळी आपली म्हणायची, कारण २०१६ सालापर्यंत तिचा अधिकृत सभासद ट्रेंट रेझ्नॉर हा एकच गृहस्थ होता. शेजारच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात मर्सर नावाचं छोटं गाव आहे, तिथला हा मुलगा. क्लीव्हलंडला येऊन एका ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत झाडलोटीपासून पडेल ते काम करू लागला. रात्री स्टुडिओ रिकामा झाला, की मालकाच्या परवानगीनं तिथंच स्वतःची गाणी मुद्रित करायचा. त्यातून १९८९ साली ‘प्रेटी हेट मशीन’ ही तबकडी निघाली. रात्रीच्या वेळात आपल्याकडे झाडूवाला फार तर बिडी ओढतो!

या संगीताला ‘इंडस्ट्रियल रॉक’ म्हणतात. कसं लागतं ऐकायला? पत्र्याचा कारखाना जोरात चालू आहे आणि त्यातल्या एका कामगाराचा नुकताच प्रेमभंग झाला आहे, असं समजा. कारखाना थांबत नाही आणि तो बिचारा ओरडायचा थांबत नाही. पण मधेच सगळी यंत्रं गप्प होतात आणि मागे एकटा पियानो उरतो, तेव्हा काळजात काहीतरी हलतं, हे मला कबूल केलंच पाहिजे.

तर एका शनिवारी भाच्याचा मित्र आला. व्हँकूव्हरला वाढलेला मराठी मुलगा, सभ्य, वाकून नमस्कार करणारा. पोह्यांची बशी हातात घेईपर्यंत तो सभ्य होता. भाच्यानं गाणं लावलं आणि मित्र म्हणाला, “काका, तुम्ही हे ऐकताय ते सगळं आमच्या गावचं चोरलेलं आहे.”

“मामा, तू त्याच्याकडे लक्ष देऊ नकोस,” भाचा म्हणाला. झालं. पोहे निवाले ते निवालेच.

मित्राचं गाऱ्हाणं असं. व्हँकूव्हरला ‘स्किनी पपी’ नावाची मंडळी होती, म्हणजे ‘हडकुळं कुत्र्याचं पिल्लू’. (नावांच्या बाबतीत या लोकांचं बारसं कोण करतं देव जाणे.) त्यांनी १९८६ साली ‘डिग इट’ नावाचं गाणं केलं. रेझ्नॉरचं पहिलं गाजलेलं गाणं ‘डाऊन इन इट’ १९८९ सालचं. दोन्ही लागोपाठ ऐकवली. आता मला त्यातलं व्याकरण कळत नाही, पण दोन सख्ख्या बहिणी लुगडी बदलून आल्या तर ओळखू येतातच. शिवाय १९८८ साली हेच रेझ्नॉर महाशय स्किनी पपीच्या कार्यक्रमात आधी गाऊन जागा तापवत होते. म्हणजे चोर घरातलाच!

“अरे, पण त्यानं स्वतःच सांगितलंय की ते ‘डिग इट’वरून केलं!” भाचा ओरडला. “लपवलंय कुठे?”

“सांगून घेतलं तरी घेतलंच ना? ग्रॅमी कुणाला मिळालं? १९९३ साली ‘विश’ला. यालाच ना?”

यावर भाचा क्षणभर गप्प बसला आणि मला त्या भांडणाचं मर्म कळलं. ‘चाल कुणाची’ हे वरवरचं. आतलं दुखणं वेगळं आहे. ज्यानं विहीर खणली तो तहानलेला राहिला आणि ज्यानं पोहरा सोडला त्याची मिरवणूक निघाली, हे दुखणं. दोन पोरं गाण्यावर भांडत नव्हती, न्यायावर भांडत होती. आणि न्यायाच्या भांडणात पोहे निवायचेच.

त्यानंतर पुरावे निघाले. रेझ्नॉरच्या १९९४ सालच्या ‘क्लोजर’ या गाण्यात जो ढोलाचा ठोका आहे, तो इगी पॉप या गायकाच्या १९७७ सालच्या ‘नाईटक्लबिंग’मधला. अख्खी चाल नव्हे, फक्त एक ठोका! तोही घासूनपुसून, आकार बदलून. आणि गंमत अशी, की मूळ ठोकाही माणसानं मारलेला नव्हता, ताल देणाऱ्या यंत्राचा होता. म्हणजे आता मालक कोण? इगी पॉप? तबकडीचा निर्माता डेव्हिड बोवी? की ती पेटी? आमच्या चाळीत एकदा एका कुंपणाच्या खांबावरून सात वर्षं दावा चालला होता, त्याची मला आठवण झाली.

मी वडीलधारा म्हणून मध्यस्थीला बसलो. म्हटलं, “बरं, रेझ्नॉरनं पपीकडून घेतलं. पपीनं कुठून आणलं?” मित्र थोडा घुटमळला. मग हळूहळू वंशावळ बाहेर पडली.

लंडनला १९७६ साली ‘थ्रॉबिंग ग्रिसल’ (याचा मराठी अर्थ मी सांगणार नाही, घरात लहान मुलं असतात) या मंडळीनं ‘इंडस्ट्रियल रेकॉर्ड्स’ नावाची स्वतःची कंपनी काढली. ‘इंडस्ट्रियल’ हे नाव या संगीताला चिकटलं ते तिथून. त्याच वर्षी त्यांचा असा काही प्रयोग झाला, की एका खासदारानं त्यांना संस्कृतीचे विध्वंसक ठरवलं. १९७९ साली या विध्वंसकांनी ‘ट्वेंटी जॅझ फंक ग्रेट्स’ म्हणजे ‘वीस उत्कृष्ट जॅझ-फंक गाणी’ अशी तबकडी काढली. त्यात वीस गाणी नव्हती, आणि जॅझ-फंकच्या आशेनं ती विकत घेणाऱ्या सज्जनाची अवस्था भजनाची म्हणून तमाशाची तिकिटं काढणाऱ्यासारखी होणार होती.

तिकडे पश्चिम बर्लिनला १९८० साली ‘कोसळत्या नव्या इमारती’ अशा अर्थाच्या जर्मन नावाची मंडळी निघाली. आपल्याकडे हे नाव वाचून लोकांना नगरपालिकेची नोटीस वाटली असती. ही माणसं भंगारातल्या पत्र्यांवर आणि लोखंडावर वाजवत. १९८४ च्या जानेवारीत त्यांच्यातली काहीजणं लंडनच्या एका कलासंस्थेत कार्यक्रमाला गेली ती ड्रिल, करवती आणि सिमेंट कालवायचं यंत्र घेऊन, आणि चक्क रंगमंचाला भोकं पाडू लागली. वीसेक मिनिटांत कार्यक्रम बंद पाडण्यात आला. पण खरी बहार पुढेच. २००७ साली त्याच संस्थेनं त्या दंग्याचा रीतसर पुनःप्रयोग केला! ज्या गोष्टीला एकदा हाकलून दिलं, तिला तेवीस वर्षांनी परंपरा म्हणून हार घातला. बंडखोराचं आयुष्य साधारण एवढंच असतं. मग त्याची जयंती सुरू होते.

“म्हणजे हे मूळ!” भाचा म्हणाला. मी म्हटलं, “थांब.” मुक्कामात वाचायला दुसरं काही नव्हतं, म्हणून मी त्याचीच पुस्तकं चाळली होती. १९१३ साली इटलीत लुइजी रुस्सोलो नावाच्या चित्रकारानं ‘गोंगाटाची कला’ असा जाहीरनामा काढला. आता वीणा-सारंग्या पुरे, यंत्रयुगात गोंगाटाचंच संगीत हवं, असं त्याचं म्हणणं. आपल्याकडे राग आणि रागिण्या, तशी त्यानं आवाजांची सहा कुटुंबं पाडली: गडगडाट, शिट्ट्या, कुजबूज वगैरे. त्यासाठी भोंगे लावलेल्या पेट्या केल्या आणि १९१४ साली मिलान शहरात जलसा लावला. श्रोते खवळले. रुस्सोलोचे स्नेही खाली उतरून श्रोत्यांशी मारामारी करू लागले आणि वर रुस्सोलो शांतपणे जलसा चालवत राहिला. तल्लीनता म्हणतात ती ही!

आणि १९२२ साली ७ नोव्हेंबरला बाकू या तेलाच्या शहरात अवरामोव्ह नावाच्या रशियन माणसानं कहर केला. कारखान्यांचे भोंगे, जहाजांचे भोंगे, तोफा, सगळं मिळून त्यानं सबंध शहरच वाजवलं. मी गिरणगावाच्या भोंग्यावर घड्याळ लावत वाढलेला माणूस. भोंग्याचंही गाणं होतं हे तेव्हा कळलं असतं, तर पहाटे एवढे शिव्याशाप दिले नसते.

आता पोरं जरा नरमली होती. तेवढ्यात शेजारचे म्हातारबुवा शिडी परत द्यायला आले. हे मूळचे यंग्सटाऊनचे. क्लीव्हलंडहून मोटारीनं सव्वा तासावर, आणि रेझ्नॉरच्या मर्सरपासून त्याहूनही जवळ. तिथल्या मोठ्या पोलाद कारखान्यात ते भट्टीवर होते. १९७७ च्या १९ सप्टेंबरला, सोमवारी, कारखाना बंद होणार असं जाहीर झालं आणि सुमारे पाच हजार माणसांच्या नोकऱ्या गेल्या. तिकडे लंडनमध्ये ‘इंडस्ट्रियल’ नावाची कंपनी निघून वर्ष झालं होतं, इकडे इंडस्ट्रीच निघाली. रेझ्नॉर तेव्हा बारा वर्षांचा होता.

भाच्यानं त्यांना वाद समजावून सांगितला आणि दोन्ही गाणी ऐकवली. म्हातारबुवांनी मान डोलावली. मग कानातलं ऐकण्याचं यंत्र काढून तळहातावर धरलं आणि म्हणाले, “मूळ गाणं आम्ही वाजवत होतो. रोज आठ तास. त्याचं मानधन हे.” ते हसत होते. आम्हाला हसू आलं नाही.

ते गेल्यावर भाच्यानं आवाज न वाढवता मला दोन गोष्टी सांगितल्या. पहिली अशी. १९९४ साली रेझ्नॉरनं ‘हर्ट’ नावाचं गाणं केलं. २००२ साली जॉनी कॅश या सत्तरीच्या ज्येष्ठ गायकानं ते गिटारवर, थकल्या आवाजात गायलं. पुढल्याच वर्षी कॅश वारले. ते चित्रीकरण पाहून रेझ्नॉरला वाटलं, की हे गाणं आता आपलं राहिलं नाही. तसं त्यानं बोलूनही दाखवलं. स्वतःच्या पोरीची पाठवणी करताना बापाचं होतं, तसं.

दुसरी गोष्ट. २००८ साली त्यानं छत्तीस वाद्यरचनांचा एक संग्रह काढला, आणि धंदा न करता कुणी वापरल्या तर हरकत नाही, अशा परवान्यावर सोडून दिला. त्यातला एक तुकडा हॉलंडमधल्या एका पोरानं उचलला आणि त्यावर ताल बसवला. तो ताल लिल नॅस एक्स नावाच्या अमेरिकन पोरानं तीस डॉलरला विकत घेतला आणि त्यावर घोड्याचं नि काउबॉयचं गाणं रचलं. ‘ओल्ड टाऊन रोड’. २०१९ साली ते अमेरिकेच्या यादीत एकोणीस आठवडे पहिलं होतं, त्या वेळचा विक्रम! आणि गीतकारांच्या नावांत रेझ्नॉरचं आणि त्याच्या जोडीदाराचं नाव रीतसर छापलं गेलं. ज्यानं एकाचा ठोका उचलला, त्याचाच सूर दुसऱ्यानं उचलला. मंडईत सुटी नाणी फिरतात, तसं हे.

मित्र म्हणाला, “पण स्किनी पपीचं काय?” हा प्रश्न काही सुटला नाही, आणि तो सुटू नये असं मला वाटतं. असं विचारणारं कुणीतरी असलं, तरच घेणारा निदान नाव सांगतो. नाहीतर मोठ्यांच्या तबकड्यांवर लहानांची नावं कोण छापतो? ‘चाल’ लिहायची ती काही लाजेपोटी नव्हे. पुढच्यानं पाठीमागे वळून पाहावं, म्हणून.

क्लीव्हलंडला सरोवराच्या काठी रॉक संगीताचं मोठं काचेचं संग्रहालय आहे, १९९५ साली उघडलेलं. तिथल्या मानकऱ्यांत २०२० साली नाईन इंच नेल्सचा समावेश झाला. भाच्यानं मला हौसेनं नेऊन दाखवलं. सगळं झकपक, गिटारी, पोशाख, मोठमोठी नावं. मला आपलं उगीच वाटलं, की खिळ्यांच्या नावाखाली बारीक टायपात एक ओळ हवी होती. चाल : डिग इट. आणि त्याच्याही खाली, आणखी बारीक टायपात, चाल : यंग्सटाऊनची भट्टी, रात्रपाळी.