कात, कातकरी आणि कॅटेकोल

भातसेच्या खोऱ्यापासून मुरबाडपर्यंतच्या वनांत खैराच्या गाभ्याचे तुकडे उकळून, तो काढा आटवून कात करणारे ते कातकरी. 'कात' शब्दाचे मूळ संस्कृत 'क्वाथ', म्हणजे काढा, असे मानतात. १८३९ मध्ये राइन्श याने काताच्या सत्त्वाचे शुष्क ऊर्ध्वपातन करून जो पदार्थ मिळविला, त्यास काताच्या 'कॅटेच्यू' या युरोपीय नावावरून पुढे कॅटेकोल ही संज्ञा मिळाली. लाकडी डांबरातील ग्वायाकोल हे त्याचेच मेथिल ईथर होय. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ते क्षयावर देत, आणि खोकल्यावरील ग्वायफेनेसिन त्यापासूनच बनते. १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांतील खैर मात्र कातकऱ्यांस दुरावला. धंदा बहुतांशी मोडला. त्याची खूण जमातीच्या नावात आणि रसायनशास्त्राच्या परिभाषेत तेवढी राहिली.