हिरवळीचे गवत आणि सूत्रकृमी

अमेरिकेतील फ्लोरिडाच्या वालुकामय जमिनीत ‘स्टिंग’ सूत्रकृमी हा हिरवळीचा सर्वांत घातक शत्रू मानला जातो. सुमारे २ ते ३ मिलिमीटर लांबीचा हा कृमी सुईसारख्या मुखांगाने मुळांच्या टोकांतील रस शोषतो. मुळे खुंटतात आणि पाणी देऊनही गवत कोमेजते. तेथील मैदानांवरचे बर्म्युडा गवत हे आपल्या हरळीच्याच कुळातले. त्याच्या ‘सेलिब्रेशन’ व ‘टिफटफ’ या जाती हा उपद्रव तुलनेने अधिक सोसतात. मात्र सहनशीलता म्हणजे प्रतिकारकता नव्हे. प्रतिकारक जातीच्या मुळांवर कृमींची वाढ रोखली जाते. केवळ सहनशील जात स्वतः तग धरते, पण जमिनीत कृमी वाढतच राहू शकतात. म्हणून जात निवडण्यापूर्वी मातीची व मुळांची तपासणी आवश्यक ठरते.